कायद्यातली एक ओळ आणि संगणक दुरुस्त करणारे आपले तरुण

वस्तीतल्या अभ्यासिकेत काम करताना आम्हाला एक चित्र वारंवार दिसते. बारावी किंवा आयटीआय झालेला, हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स केलेला मुलगा गळ्यात आयकार्ड आणि पाठीवर बॅग अडकवून सकाळी बाहेर पडतो. आई शेजारणीला सांगते, 'पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअर झाला.' गेल्या पावसाळ्यात अशाच एका मुलाला एका कार्यालयात यूपीएस उघडताना शॉक बसला. हात भाजला. कार्यालय म्हणाले, हा आमचा माणूस नाही. कंत्राटदार म्हणाला, हा तर कॉलमागे पैसे घेतो, नोकर कसला? आम्ही कागद मागितले. नेमणूकपत्र नव्हते, ईएसआयचा नंबर नव्हता. होते ते फक्त आयकार्ड, आणि तेही तिसऱ्याच कंपनीचे.

हे नशिबाने घडले असे आम्ही मानत नाही. यामागे इतिहास आहे.

कोणते काम कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न या देशात कधीच केवळ कौशल्याचा नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळाची भीती वाटे. पगार चांगला असलेले ते खाते त्यामुळे आपल्या माणसांना बंद राहिले. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. कामगार चळवळ मजुरीबद्दल बोलते आणि जातीबद्दल गप्प बसते, हा आपला जुना अनुभव आहे.

पुढे जुलै 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. आपण 14 एप्रिलला त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, पण या चार वर्षांचा अभ्यास फार कमी करतो. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले. ती दुरुस्ती 1 ऑगस्ट 1946 पासून लागू झाली. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम 1943 साली प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले, आणि त्याच पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय कायदा उभा राहिला. कामगाराची सुरक्षितता मालकाच्या दयेवर सोडायची नाही, ती कायद्यात बांधायची, हा या साऱ्यामागचा विचार होता.

1948 चा कारखाना कायदा याच काळातला. त्यात सर्वांत मोठा बदल झाला तो भोपाळनंतर. डिसेंबर 1984 मध्ये विषारी वायूने हजारो माणसे मारली, आणि 1987 साली कायद्यात धोकादायक प्रक्रियांवर नवे प्रकरण आले. आपल्या कामातल्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हा मोठाच विजय होता.

पण त्याच 1987 च्या दुरुस्तीत, कारखान्याच्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरणही जोडले गेले. एखाद्या जागेत संगणक बसवला आहे एवढ्यावरून, तिथे उत्पादन होत नसेल तर, ती जागा कारखाना ठरणार नाही. ही ओळ नसती तरी प्रत्येक कार्यालय कारखाना झाले असते असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न असा आहे की संगणकाला कारखान्याच्या दाराबाहेर ठेवताना त्याची दुरुस्ती करणाऱ्या हातांचा विचार कोणी केला का? याच वर्षी बँकांमध्ये संगणकीकरणाचा करार झाला. त्याआधीचा 1983 चा. हे करार बँकेच्या कायम नोकरांसाठी होते. यंत्र दुरुस्त करायला बाहेरून येणारा मुलगा त्या वाटाघाटीत नव्हता. आजही वार्षिक देखभालीच्या कंत्राटातून तो बाहेरचाच राहिला आहे.

मग त्याला कोणता कायदा लागू? दुकाने व आस्थापना कायदा. पण महाराष्ट्राच्या 2017 च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून आणि बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. लॅमिंग्टन रोडच्या किंवा तपकीर गल्लीच्या मागच्या बोळांतल्या दुकानांत किती मुले असतात? तीन, चार. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा 20 वरून 50 वर नेली. कंत्राटदाराने माणसे तुकड्यांत विभागली की झाले!

आता परवान्याचे बघू. संगणक दुरुस्त करायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही. विजेच्या वायरिंगला मात्र लागतो. 1956 च्या विद्युत नियमांपासून तत्त्व असे आहे की नवी वायरिंग परवानाधारक ठेकेदाराने, वायरमन परमिट असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायची. तरीही साइटवर आपल्या मुलाला सांगतात, 'जरा पॉइंट पण काढून दे, अर्थिंग बघ.' ते काम त्याचे नाही. 'मला परमिट नाही' असे सांगणे हा कामचुकारपणा नसून कायद्याचे पालन आहे. अपघात झाला तर दोष त्याच्याच माथी मारला जाईल, हे त्याने लक्षात ठेवावे.

धोकेही नीट समजून घ्या. मेन स्विच बंद केला तरी यूपीएस वीज देतच राहतो. प्लग काढल्यावरही एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. लेसर प्रिंटरचा फ्यूजर भाजतो. यूपीएसच्या बॅटरीत शिसे आणि आम्ल असते. पांढऱ्या कॉलरचे म्हणवले जाणारे हे काम हाताचेच आहे. 'इंजिनिअर' या शब्दाने आपण स्वतःला कामगार मानायचेच सोडून दिले, आणि मालकाला नेमके तेच हवे होते.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. नेमणूकपत्र मागा, नव्या संहितेत ते देणे बंधनकारक आहे. दरमहा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेला ईएसआय लागू असेल, तर विमा नंबर मागा. त्यात कामगाराचा वाटा पगाराच्या फक्त 0.75 टक्के, मालकाचा 3.25 टक्के. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, 2010 पासून त्यात धरला जातो. प्रत्येक कॉलची तारीख, जागा, कोणी पाठवले हे वहीत लिहा. व्हॉट्सअॅपवरचे आदेश पुसू नका.

काही मुले म्हणतात, 'मागितले तर काम जाईल.' खरे आहे, एकट्याने मागितले तर जाईल. म्हणूनच तालुक्यातल्या, शहरातल्या हार्डवेअरच्या मुलांची एक यादी, एक बैठक, एक मागणीपत्र हवे. भाजलेल्या हाताचा तो मुलगा आता बरा आहे. कामावरही जातो. पण उपचाराचा खर्च त्याच्या आईने बचत गटातून कर्ज काढून भागवला. ते कर्ज त्या माउलीने का फेडायचे, हा प्रश्न आम्ही विहारातल्या पुढच्या बैठकीत मांडणार आहोत.

जय भीम!