ब्रेक झिजला हे कोण ठरवतं? बर्फाळ रस्ते, मीठ आणि ट्रकच्या देखभालीचा इतिहास

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोकिहाला नावाचा महामार्ग आहे. व्हँकुव्हरच्या ‘एक्स्पो ८६’च्या निमित्ताने त्याचा होप ते मेरिट हा डोंगरी टप्पा १९८६ साली खुला झाला. घाटमाथा १,२४४ मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फ प्रचंड. माथ्याजवळ झॉपकिओस इथे रस्त्याच्या कडेला एक मोठी मोकळी जागा ठेवली आहे. होपच्या बाजूचा लांब उतार सुरू होण्याआधी जड वाहनांनी तिथे थांबायचं, चालकाने खाली उतरून ब्रेक तपासायचे आणि मगच पुढे निघायचं.

नियम साधा आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे एक बाळबोध प्रश्न विचारायला हरकत नाही: उणे तापमानात, चिखल आणि बर्फाने माखलेल्या ट्रकखाली वाकून तो चालक नेमकं काय बघतो? आणि त्याने काय बघावं, हे कुणी, कधी ठरवलं?

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की आपण आधी शोधाचं साल हुडकतो. हवेच्या ब्रेकचं साल सापडायला अर्धा तासही लागत नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी पेटंट घेतलं. १९३० मध्ये बेंडिक्स-वेस्टिंगहाउस ही कंपनी खास मोटारींच्या एअर ब्रेकसाठी उभी राहिली. झालं. पण शोध लागल्यानंतरची दीडशेहून जास्त वर्षं ही वस्तू वापरात आहे, झिजते आहे, कुणीतरी ती खोलून परत बसवतंय. त्या काळाचा इतिहास कुठे आहे? डेव्हिड एजर्टन यांचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. नव्या शोधांपेक्षा वापरातल्या वस्तूंकडे आणि देखभालीकडे बघा, असा त्यांचा आग्रह आहे. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. ‘झिजलेला’ हा शब्दसुद्धा नैसर्गिक नाही. त्याची व्याख्या कायद्याने, यंत्राने आणि रस्त्यावरच्या मिठाने वेळोवेळी बदलली आहे.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कारचा ब्रेक तेलावर चालतो. ड्रम ब्रेकच्या जुन्या गाड्यांत लायनर झिजला की पेडल खाली जायचं, पायालाच कळायचं. ट्रकमध्ये तसं नसतं. कॉम्प्रेसरने टाकीत हवा भरलेली असते. पेडल दाबलं की ती हवा प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते आणि एक दांडा बाहेर ढकलते. दांड्याला जोडलेला हात म्हणजे स्लॅक ॲडजस्टर. तो इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचा कॅम फिरवतो, कॅम दोन ब्रेक शू फाकवतो, आणि शूवरचे लायनर ड्रमला घासतात. लायनर जितका झिजेल तितका दांड्याला जास्त प्रवास करावा लागतो. दांड्याची धाव संपली की ब्रेकही संपला, पण चालकाच्या पायाखाली पेडल तसंच लागतं. त्यात लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, म्हणजे दांड्याला आणखी लांब जावं लागतं. घाटमाथ्यावर जेमतेम चालणारा ब्रेक अर्ध्या उतारावर चालेनासा होतो तो असा.

म्हणजे या यंत्राची झीज पायाला जाणवत नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागते. तपासणीची सगळी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी आहे.

आता आकडे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात मागच्या चाकांच्या एअर ड्रम ब्रेकचा लायनर शूच्या मध्यावर पाव इंचापेक्षा कमी जाड चालत नाही. नेहमीच्या ‘टाइप ३०’ चेंबरचा दांडा, दर चौरस इंचाला ९० ते १०० पौंड दाब असताना, दोन इंचांपेक्षा जास्त बाहेर यायला नको. तपासनीस दांड्यावर खडूने खूण करतो, पेडल दाबायला सांगतो आणि खूण किती सरकली ते मोजतो. शिवाय गाडीच्या एकूण ब्रेकपैकी वीस टक्के किंवा जास्त सदोष निघाले, तर ती जागच्या जागी थांबवायची. पाच आसांच्या ट्रक-ट्रेलरला दहा ब्रेक असतात, म्हणजे दोन गेले की गाडी उभी. हा निकष लावणारी ‘कमर्शियल व्हेइकल सेफ्टी अलायन्स’ ही संघटना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली राज्यं आणि कॅनडातले प्रांत यांनी मिळून उभी केली. एकाच ट्रकला दर सीमेवर वेगळा निकाल मिळू नये, हा हेतू. वीस टक्के हा आकडा निसर्गातून आलेला नाही. तो वाटाघाटीतून आलेला आहे, आणि दहापैकी एक ब्रेक बाद असलेली गाडी (इतर सगळं ठीक असेल तर) पुढे जाऊ शकते, असाही त्याचा अर्थ होतो. कुठल्याही निकषाकडे बघताना तो काय चालवून घेतो तेही वाचा. माझ्या गाइडनी पहिल्याच वर्षी ही सवय लावली, आणि ती कामाची आहे.

१९७५ मध्ये अमेरिकेत ‘१२१’ क्रमांकाचं सुरक्षा मानक लागू झालं. ट्रक ठरावीक अंतरात, चाकं न अडकता थांबला पाहिजे, अशी त्यात अट होती. त्यासाठी कंपन्यांनी त्या काळातली इलेक्ट्रॉनिक अँटिलॉक यंत्रणा बसवली. ती रस्त्यावर भरवशाची निघाली नाही. पॅकार या ट्रक उत्पादक कंपनीच्या खटल्यात १९७८ मध्ये अपील न्यायालयाने हा भाग रद्द ठरवला. चाचणीच्या मैदानावर जमतं ते रोजच्या वापरात टिकत नसेल तर मानक व्यवहार्य कसं, असा त्या वादाचा गाभा होता. अँटिलॉकची सक्ती परत यायला जवळजवळ वीस वर्षं गेली. ट्रॅक्टरवर ती मार्च १९९७ मध्ये आली.

त्याआधी एक कमी गाजलेला बदल झाला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. २० ऑक्टोबर १९९४ नंतर बनलेल्या एअर ब्रेकच्या गाड्यांना आपोआप जुळणारे स्लॅक ॲडजस्टर सक्तीचे झाले. तोवर चालक किंवा मिस्त्री गाडीखाली शिरून पान्याने बोल्ट पिळायचा, दांड्याची धाव कमी करायचा. दर थोड्या दिवसांनी करायचं काम. त्या निमित्ताने लायनर, शू, स्प्रिंग सगळ्यावर नजर पडायची. नवा ॲडजस्टर धाव स्वतः कमी करतो, त्यामुळे खाली शिरायचं कारणच उरलं नाही. बोल्ट मात्र त्यालाही आहे! धाव वाढलेली दिसली की जुन्या सवयीने तो पिळला जायचा. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक इथे उतारावर एका डंपर ट्रकचा अपघात झाला. त्याच्या २००६ च्या अहवालात राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने यावरच बोट ठेवलं. आपोआप जुळणारा ॲडजस्टर जुळत नसेल तर बिघाड दुसरीकडे आहे. हाताने पिळल्याने मोजमाप बरोबर येतं, बिघाड तसाच राहतो आणि चालकाला मात्र वाटतं की सगळं ठीक आहे. मिस्त्री तोच, पाना तोच, बोल्टही तसाच. १९९३ मध्ये ज्याला देखभाल म्हणायचे त्याला आता धोका म्हणायचं. असा बदल पेटंटांच्या यादीत कधीच दिसत नाही.

इथवर आपण धरून चाललो की लायनर घासून झिजतो. बर्फाच्या प्रदेशात हे गृहीतकच डळमळतं.

रस्त्यावर मीठ टाकणं ही पुरातन गोष्ट नाही. पूर्वी बर्फ दाबून सपाट करत, वर वाळू किंवा राख टाकत. न्यू हॅम्पशायरने १९३८ मध्ये मिठाचा प्रायोगिक वापर सुरू केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या सगळ्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं. युद्धानंतर मोटारी वाढल्या, १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग आले, आणि रस्ता हिवाळ्यातही काळा, कोरडा दिसलाच पाहिजे अशी अपेक्षा रुजली. १९९१ मध्ये वाहतूक संशोधन मंडळाने मिठाच्या किमतीवर एक अहवाल काढला, तेव्हा वर्षाचा वापर एक कोटी टनांच्या आसपास होता. पन्नास वर्षांत दोन हजार पट!

साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड यांची द्रावणं वापरात आली, आणि १९९०च्या दशकापासून ती बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर फवारण्याची पद्धत पसरली. एक रासायनिक तपशील इथे कळीचा आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून विरघळतं. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात. म्हणजे ट्रक गॅरेजमध्ये कोरडा दिसत असला तरी त्याच्या सांध्यांत गेलेलं द्रावण ओलंच असतं. गंजणं थांबत नाही.

आता ब्रेक शू डोळ्यांसमोर आणा. लोखंडी कमानदार पट्टी, तिच्यावर रिव्हेटने बसवलेला लायनर. खारं पाणी या दोघांच्या मधल्या फटीत शिरतं आणि पट्टीला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. रिव्हेटने लायनर जागच्या जागी धरलेला, मधला भाग मात्र खालून उचलला जातोय. शेवटी लायनरला तडा जातो, तुकडे सुटतात. इंग्रजीत याला ‘रस्ट जॅकिंग’ म्हणतात. गंज जॅकसारखा लायनर वर उचलतो, म्हणून ते नाव. नवा लायनर पाऊण इंचाच्या आसपास जाड असतो. गंजाने फुटलेला लायनर निम्मा शिल्लक असू शकतो. म्हणजे पाव इंचाच्या मोजमापात तो पास आणि प्रत्यक्षात बाद.

तपासणीच्या निकषांत तडा आणि सैल लायनर हेही दोष आहेत, हे खरं. पण ते दिसले तर. मागे डस्ट शील्ड असेल तर कड नीट दिसत नाही, आणि हिवाळ्यात तिथे चिखल-बर्फाचा गोळा बसलेला असतो. ड्रम काढल्याशिवाय खरी स्थिती कळत नाही, आणि रस्त्याच्या कडेला ड्रम कुणी काढत नाही. झॉपकिओसला थांबलेला चालक आपलं काम चोख करेल आणि तरीही हे त्याच्या नजरेतून सुटेल.

एरवी न दिसणारी एक अर्थव्यवस्थाही इथे दिसते. ट्रकचे लायनर बदलताना बहुतेकदा शू नवा नसतो. जुना शू परत जातो, साफ होतो, त्याला नवा लायनर लागतो आणि तो पुन्हा विक्रीला येतो. साडेसोळा बाय सात इंचांचा ठरलेला आकार असल्याने ही फिरवाफिरव सोपी आहे. घासून झिजण्याच्या जगात ती काटकसरीची, शहाणपणाची. पण मिठाने खड्डे पडलेल्या पट्टीवर नवा लायनर बसवला की पहिल्याच दिवशी फट तयार असते. म्हणून बर्फाळ पट्ट्यात काम करणाऱ्या अनेक कंपन्यांनी जुने शू सोडून लेप दिलेले नवे शू घ्यायला सुरुवात केली. रस्ता काळा ठेवण्याची किंमत अशी गॅरेजच्या बिलात उतरली. रस्ते विभागाच्या हिशेबात ती कुठेच नाही.

हे सगळं शोधायचं कुठे? इथे संशोधकाची खरी पंचाईत आहे. अमेरिकेत चालकाने भरलेला रोजचा दोष-अहवाल कंपनीने तीनच महिने ठेवायचा असतो. वार्षिक तपासणीचा चौदा महिने. म्हणजे देखभालीची कागदपत्रं मुदत संपली की फेकून देण्यासाठीच जन्माला येतात. मागे उरतात ती नियमांची राजपत्रं, खटले आणि अपघातांचे अहवाल. ही साधनं तुम्हाला फक्त बिघडलेले ब्रेक दाखवतात. वेळेवर बदललेल्या लायनरचा कुठे खटला होत नाही. प्रबंधात एवढं लिहिलं नाही तर परीक्षक विचारणारच.

एक आडवाट मात्र आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. मिस्त्री ड्रम उघडून आतली धूळ हवेच्या पाइपाने उडवत, आणि ती फुप्फुसांत जायची. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८६ मध्ये मेकॅनिकांसाठी याबद्दल मार्गदर्शक पुस्तिका काढली. पुढे नुकसानभरपाईच्या खटल्यांत मिस्त्र्यांना तासन्‌तास विचारलं गेलं: दिवसाला किती चाकं उघडायचात, धूळ कशी झटकायचात, लायनर घासून बसवायचात का, कुणाच्या कंपनीचा? वकिलांना हवी होती जबाबदारी. आपल्याला मिळतं एरवी कुणीही लिहून न ठेवलेलं गॅरेजमधलं रोजचं काम. आजारी माणसाच्या तोंडून, वकिलाच्या प्रश्नांच्या चौकटीत मिळतं, हे विसरून मात्र ते वाचता येत नाही.

युरोपात १९९०च्या दशकात जड ट्रक डिस्क ब्रेककडे वळले. मर्सिडीजचा ‘ॲक्ट्रोस’ १९९६ मध्ये सगळ्या चाकांना डिस्क घेऊन आला. अमेरिकेत ड्रम टिकून राहिले. २००९ च्या नियमाने ताशी ६० मैलांवरून थांबण्याचं अंतर बहुतेक ट्रॅक्टरसाठी ३५५ फुटांवरून २५० फुटांवर आणलं, तेव्हा तिथेही डिस्कला जोर आला. डिस्कमध्ये लायनर आणि शू यांच्यातली ती फट नाही. पण कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या मिठाने धरतात, आणि मग एका बाजूचा पॅड संपून जातो तरी दुसऱ्या बाजूचा जाडजूड शिल्लक असतो. त्यामुळे तपासणाऱ्याला आता दोन्ही पॅडची जाडी वेगवेगळी बघावी लागते, तीही बर्फाने भरलेल्या रिमच्या आडून.