भरपाई वेळ (फुटबॉल)

खेळ थांबल्याने वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी पंच प्रत्येक सत्राच्या ४५ मिनिटांनंतर जेवढा वेळ खेळ चालू ठेवतात, ती भरपाई वेळ. ‘इंज्युरी टाइम’ हे तिचे रूढ नाव, पण दुखापत हे अनेक कारणांपैकी एक. बरोबरी सुटावी म्हणून बाद फेरीत खेळवली जाणारी ३० मिनिटांची जादा वेळ वेगळी.

नियम : नियमावलीतील सातव्या नियमानुसार बदली खेळाडू, जखमींची तपासणी, मुद्दाम केलेली दिरंगाई, कार्ड दाखवणे, गोलचा जल्लोष, व्हिडिओ तपासणी आणि उन्हाळी हवेतील ९० सेकंद ते ३ मिनिटांची विश्रांती, या साऱ्याचा हिशेब पंचांनी ठेवायचा असतो. चौथा पंच पाटी उंचावतो. आकडा मात्र मुख्य पंचांनी ठरवलेला असतो आणि तो किमान असतो. पाटीवरची मिनिटे वाढवता येतात, घटवता येत नाहीत. ‘पाच मिनिटे सांगून सात खेळवली’ ही प्रेक्षकांची तक्रार म्हणूनच बहुधा गैरसमजातून येते. पूर्वार्धात वेळ मोजताना झालेली चूक उत्तरार्धात भरून काढता येत नाही. दिलेली पेनल्टी पूर्ण होईपर्यंत सत्र संपत नाही. कॉर्नरला ही सवलत नाही.

मार देल प्लाता, १९७८ : शेवटच्या मुद्द्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ३ जून १९७८ रोजी विश्वचषकात ब्राझील व स्वीडन १-१ असे बरोबरीत होते. ब्राझीलच्या नेलिन्योने अखेरच्या क्षणी कॉर्नर घेतला, झिकोने हेडरने चेंडू जाळ्यात धाडला. पण चेंडू हवेत असतानाच वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी सामना संपल्याची शिट्टी वाजवली होती. गोल नाकारला गेला. थॉमस यांच्यावर कडाडून टीका झाली. आपला निर्णय योग्यच होता, यावर ते ठाम राहिले. नियमाच्या अक्षरानुसार त्यांची बाजू भक्कम आहे. कॉर्नर घेऊ द्यायचा आणि तो पुरा होण्याआधी शिट्टी वाजवायची, हे खेळाच्या रीतीला धरून होते का, यावर मात्र मतभेद आहेत.

कतार, २०२२ : वाया गेलेला वेळ काटेकोरपणे मोजण्याची सूचना या विश्वचषकात पंचांना होती, ‘फिफा’च्या पंच समितीचे अध्यक्ष तेव्हा पिएरलुइजी कोलिना होते. इंग्लंड-इराण सामन्यात (२१ नोव्हेंबर) इराणचा गोलरक्षक बैरानवंद याच्या डोक्याला मार लागल्याने पूर्वार्धातच १४ मिनिटे वाढवावी लागली. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सच्या वेगहोर्स्टने अर्जेंटिनाविरुद्ध बरोबरीचा गोल ९०+११ व्या मिनिटाला केला. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना जिंकला.

प्रेक्षकांचा दबाव : यजमान संघ एका गोलने मागे असताना भरपाई वेळ अधिक आणि पुढे असताना कमी दिली जाते, असे स्पॅनिश लीगवरील २००५ च्या एका अभ्यासात आढळले.

भारत : येथील अधिकृत सामन्यांनाही सातवा नियमच लागू आहे.