माउस-व्हील : डेस्कटॉप प्रोग्रॅममधील हाताळणी

माउसच्या दोन बटणांमधले चाक फिरवून विंडोतील मजकूर वरखाली सरकवण्याची सोय. १९९६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसमुळे ती सर्वत्र रूढ झाली. चाक तेच असले तरी ते फिरल्याची वर्दी प्रत्येक प्रणाली प्रोग्रॅमला आपापल्या पद्धतीने देते. विंडोजमध्ये चाकाची एक खाच म्हणजे १२० हा आकडा. त्यावर किती ओळी सरकायच्या हे वापरणाऱ्याच्या सेटिंगवरून ठरते, आणि ती संख्या मुळात ३ असते. लिनक्सवरच्या जुन्या एक्स११ पद्धतीत चाकाला वेगळे स्थानच नव्हते. वर फिरवले की चौथे बटण दाबले गेले, खाली फिरवले की पाचवे, एवढेच प्रोग्रॅमला कळे. मॅकओएस चाकाच्या वेगानुसार वाढवलेले अंतर कळवते, टचपॅडवरून बोटे उचलल्यावरही काही क्षण संदेश पाठवत राहते, आणि २०११च्या लायन आवृत्तीपासून तिथे सरकण्याची मूळ दिशाही उलटी झाली.

या भेदांतून उद्भवणारे बरेचसे दोष एकाच गैरसमजातून येतात: आलेला प्रत्येक संदेश म्हणजे एक खाच, असे धरून चालणे. खाचेचे बारीक भाग करता यावेत म्हणूनच १२० हा भरपूर विभाजक असलेला आकडा निवडलेला आहे. एखाद्या नाजूक चाकाने एका खाचेऐवजी ३०चे चार संदेश पाठवले, तर फक्त वर की खाली एवढेच पाहणारा प्रोग्रॅम चौपट सरकतो. १२०ने भागून अपूर्णांक टाकून देणारा जागचा हलतच नाही. उपाय सोपा आहे. उरलेला भाग टाकून न देता पुढच्या संदेशात मिळवावा आणि दिशा बदलली की ती शिल्लक शून्य करावी. चाक किती फिरले हे मोजायचे असते, संदेश किती आले हे नव्हे. प्रणालीही हळूहळू याच दिशेने आल्या आहेत. क्यूटी या टूलकिटमध्ये (विंडो, बटणे, याद्या असे तयार घटक पुरवणाऱ्या संचात) माप अंशाच्या आठव्या भागात असते आणि खाच सहसा १५ अंशांची, म्हणजे पुन्हा १२०च. लिनक्स कर्नलच्या ५.० आवृत्तीने २०१९ मध्ये सूक्ष्म चाकांसाठी हेच माप स्वीकारले.

चाकाचा संदेश नेमका कोणी घ्यायचा, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. उदाहरणार्थ, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातील ओस्डॅग हे आयएस ८०० : २००७ या मानकानुसार पोलादी बांधकामाचे आरेखन करणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते पायथॉन आणि क्यूटीवर उभे असून विंडोज व उबुंटू दोन्हींवर चालते. या जातीच्या प्रोग्रॅममध्ये एका बाजूला ड्रॉपडाउनांनी भरलेला फॉर्म आणि शेजारी त्रिमिती चित्र असते. चित्रावर चाक फिरवले की झूम व्हावे, फॉर्मवर फिरवले की फॉर्म सरकावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण क्यूटीचा ड्रॉपडाउन स्वतःच चाकाला प्रतिसाद देतो: फॉर्म सरकवताना कर्सर त्यावर आला की निवडलेली किंमत बदलू शकते. मॅकच्या शैलीत क्यूटीने हे मुळातच बंद ठेवले आहे, इतरत्र नाही. बोल्टचा व्यास नकळत बदलणे ही केवळ गैरसोय नव्हे. तिथे आकडेमोडच चुकते. म्हणून अशा फॉर्ममध्ये क्लिक करून निवडल्याखेरीज ड्रॉपडाउनने चाकाला दाद देऊ नये, हेच सर्व प्रणालींवर योग्य.

हे सारे टूलकिटवर सोपवावे, असा एक आक्षेप असतो. साध्या यादीपुरता तो खरा आहे. पण नकाशा, आलेख किंवा त्रिमिती चित्र प्रोग्रॅमरने स्वतः रंगवलेले असते आणि तिथे टूलकिट फक्त आकडे हाती देते. दुसरा आक्षेप असा, की एकच प्रोग्रॅम सगळीकडे तंतोतंत सारखा सरकला पाहिजे. तो मान्य करता येत नाही. दिवसभर एकाच संगणकावर दहा प्रोग्रॅम वापरणारी माणसे पुष्कळ. एकच प्रोग्रॅम तीन प्रणालींवर आलटून पालटून वापरणारी थोडी. वेग आणि दिशा त्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणेच राहावी. प्रोग्रॅमने स्वतःचा गुणक लादू नये. मात्र ओळींचे पिक्सेल करताना ओळीची खरी उंची घ्यावी. वेलांट्या, रफार आणि खालचे उकार यांमुळे देवनागरी ओळीला रोमन ओळीपेक्षा सहसा जास्त जागा लागते. रोमन अक्षरे धरून ठरवलेल्या पिक्सेलांत मराठी मजकुराच्या तीन ओळी पुऱ्या सरकत नाहीत, आणि वरची ओळ मधोमध कापलेली दिसते.