मोंबासाकरांचे नाशिक

मूळ गावाची ओढ मनुष्यास सहसा सोडीत नाही. चार पिढ्या मुंबईस नोकरीत घालविलेले कुटुंबही सवड मिळताच कुलदैवताचे निमित्त करून कोकणातील एखाद्या खेड्याकडे वळते. आणि परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या बांधवांची मुले-नातवंडे तर सुटीतील प्रवासाचा सारा बेत पणजोबांच्या गावाभोवती आखतात. अशा मंडळींस नाशिकक्षेत्र फार सोयीचे. येथील तीर्थोपाध्यायांस आडनाव व गाव सांगावे, की ते नामावळीची वही उलगडून कोणता पूर्वज केव्हा व कोणासह गंगेवर आला होता, ते वाचून दाखवितात. गाव सुटले, भाषा अडखळू लागली, तरी वहीतले पान आपल्या जागी असते.

परंतु ज्यांचे नाव ह्यांपैकी कोणत्याही वहीत नाही, आणि तरीही पूर्वजांचा माग काढावयाचा झाल्यास ज्यांस नाशिकासच यावे लागेल, अशीही कुटुंबे जगात आहेत. ती केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासा शहराच्या परिसरात नांदतात. त्यांच्या दृष्टीने पूर्वजांचे परदेशातील गाव म्हणजे आपले नाशिक! हा संबंध कसा जुळला, हे नाशिककरांनी तरी जाणून घ्यावयास हवे.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार भरात होता. न्यासा सरोवराच्या आसपासची खेडी लुटावी, माणसे किनाऱ्यावर हाकीत आणावी आणि गलबतांत कोंबून अरबस्तान व इराणकडे न्यावी, असा हा क्रम. इंग्रजी आरमाराच्या जहाजांनी अशी गलबते पकडली, म्हणजे सुटलेल्या माणसांचे करावयाचे काय, हा प्रश्न पडे; कारण त्यांस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरविल्यास ती पुन्हा धरली जाण्याचे भय होते. त्यामुळे पुष्कळ मुले मुंबईस आणली गेली, आणि त्यांतील कित्येकांस नाशिकास धाडण्यात आले. नाशिकास चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ मध्येच सुरू झालेले होते. गावाच्या पश्चिमेस तिने पुढे जी वसाहत वसविली, तीच शरणपूर. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस हे तिचे चालक. येथील आफ्रिकी आश्रमात ही मुले लिहावयास-वाचावयास शिकली. सुतारकाम, लोहारकाम असे धंदेही शिकली. आज शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांस हे ठाऊक असेल, की त्या नावातील शरण शब्दास एके काळी इतका अक्षरशः अर्थ होता?

ह्या आश्रयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलांस येथे स्वातंत्र्य मिळाले, विद्या मिळाली. पण त्यांस कोणी पर्याय विचारला नव्हता, आणि बाप्तिस्म्याबरोबर त्यांची मूळ नावेही मागे पडली. वेनराइट, फरार, वेलिंग्टन, प्राइस अशी परकी आडनावे त्यांस चिकटली. बापाचे नाव, कुळ, गाव ह्या ज्या तीन धाग्यांनी आपण आपली वंशावळ विणतो, ते तिन्ही येथे तुटले.

ह्या मुलांची कीर्ती जगभर झाली, ती डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्यामुळे. १८६५ मध्ये ते हिंदुस्थानात असता त्यांनी नाशिकातील नऊ तरुणांस आपल्या अखेरच्या प्रवासासाठी निवडले. पुढे १८७२ मध्ये त्यांच्या मदतीस जी तुकडी गेली, तीतही जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन हे नाशिकचे विद्यार्थी होते. १ मे १८७३ च्या सुमारास, हल्लीच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका वृक्षाखाली पुरले, देह मिठाने व उन्हाने टिकविला आणि हजार मैलांहून अधिक वाट सुमारे नऊ महिने तुडवीत तो समुद्रकिनाऱ्यावर आणिला. दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने, सामानाची यादी केली तीही त्यानेच, आणि त्या वृक्षावर मृत्यूची नोंद कोरली ती त्याच्याच हातांनी. कारण त्यास लिहिता येत होते, आणि ते तो नाशिकास शिकला होता. ज्याचे जन्मनाव मागे पडले, त्याने दुसऱ्याचे नाव अशा रीतीने काळाच्या हाती सोपविले! १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन ह्यांचा देह विसावला, तेव्हा शवपेटीबरोबर जेकब होता. तेथील शिलालेखात वाहून आणणाऱ्या हातांच्या निष्ठेचा उल्लेख आहे, नावे नाहीत.

१८७३ मध्येच सर बार्टल फ्रियर ह्यांच्या खटपटीने झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह केला. हे फ्रियर १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. सुटलेल्या गुलामांसाठी आता आफ्रिकेतच वसाहत हवी होती, आणि तिच्या उभारणीस शिकलेली माणसे नाशिकास तयार होती. तेव्हा शरणपूरच्या प्राइससाहेबांनीच १८७५ मध्ये मोंबासासमोर फ्रियर टाऊन वसविले, आणि नाशिकचे शंभराहून अधिक आफ्रिकी तेथे व जवळच्या रबाई गावी गेले. त्यांतील विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर ह्यांस १८८५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत मोंबासास हयात होता.

पण गंमत पाहा. मायभूमीस परतलेल्या ह्या लोकांस तेथे नाव पडले ते ‘बाँबे आफ्रिकन’! हिंदुस्थानात ते आफ्रिकी होते, आफ्रिकेत ते मुंबईचे झाले. जेथून निघावे त्या जागेच्या नावाने ओळखले जावे, हे प्रत्येक स्थलांतरिताच्या कपाळी लिहिलेले असते.

आता अशा एखाद्या मोंबासाकर कुटुंबाने पूर्वजांच्या शोधार्थ प्रवासाचा बेत आखला, तर तो कसा असेल? फ्रियर टाऊनच्या घंटेपासून त्यांनी निघावे. मुंबईचे बंदर पाहावे, जेथे भेदरलेली मुले उतरली. मग आगगाडीने घाट चढून नाशिकास यावे व शरणपुरात हिंडावे. कागदपत्रांसाठी मात्र त्यांस इंग्लंड गाठावे लागेल. कारण सोसायटीचे दप्तर बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात आहे. जेकबच्या रोजनिशीचे हस्तलिखित स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे असून ते २०१९ मध्ये सर्वांस पाहण्यास खुले झाले. एका कुळाचा इतिहास असा तीन खंडांत विखुरला आहे.

कोणी म्हणेल, ह्यांचे मूळ गाव न्यासाकाठी; नाशिक कसे? आक्षेप खरा आहे. पण न्यासाकाठचे ते खेडे कोणते, हे सांगणारा दुवा उरलेला नाही. मागे जाता जाता वाट येते ती शरणपुरापाशी थांबते. झाडाचे मूळ हाती लागत नाही, तेथे निदान त्याचे आळे तरी सापडावे. ज्या भूमीने नवे नाव, अक्षर व हातास धंदा दिला, तीही एका अर्थी पितृभूमीच.

ज्या क्षेत्राने लाखो घराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळिल्या, त्यास आणखी एक लहानशी वही जड होऊ नये. मोंबासाहून एखादे कुटुंब उद्या येऊन विचारील, की आमचे लोक येथे कोठे राहत होते? त्या वेळी शरणपूर रोडवरील एखाद्या शाळकरी मुलास जागा दाखविता यावी व जेकब वेनराइट कोण हे सांगता यावे, इतकी तरी तयारी नाशिकने आजच करून ठेवावी.