बुळकांडीचा बंदोबस्त

जनावराने रवंथ थांबवला, चाऱ्याला तोंड लावेना, डोळ्यांतून पाणी गळू लागलं आणि ओठांच्या आत कोंडा चिकटावा तसे चट्टे दिसले, की शेतकऱ्याचा धीर सुटायचा. पाठोपाठ घाण वासाची हगवण लागायची आणि आठ-दहा दिवसांत खेळ आटोपायचा. हीच बुळकांडी, सरकारी कागदांतली रिंडरपेस्ट. ती गावात शिरली की दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. बैलच गेले म्हटल्यावर पेरणीचंही अवघड.

तिच्यावरच्या संशोधनाची एक सुरुवात पुण्यात झाली. ९ डिसेंबर १८८९ रोजी तिथल्या सायन्स कॉलेजात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. पण भरवस्तीत असले जंतू बाळगणं धोक्याचं. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या जंगलात, सुमारे ७,५०० फुटांवरच्या मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

१८९७ मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरला येऊन गेले. बुळकांडीच्या जनावराचं पित्त निरोगी जनावराला टोचण्याची पद्धत त्यांनी नुकतीच दक्षिण आफ्रिकेत मांडली होती. पुढे रोगी रक्त आणि प्रतिरक्तद्रव, म्हणजे रोगाविरुद्धची प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव, एकदमच टोचू लागले. जनावर वाचायचं, पण खर्च फार आणि रोग फैलावण्याची भीती कायम.

वाट काढली शेळीने. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरच्या जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत असा पुनःपुन्हा वाढवला. गाईबैलांपुरता तो नरम पडला आणि एका टोचणीत वर्षानुवर्षांचं संरक्षण मिळू लागलं. संकरित गाईंना मात्र ही लस जड जायची. त्यांच्यासाठी सशांत वाढवलेली लस आली. १९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर लस तयार केली. ती सगळ्या जातींना सोसायची.

भारताने १९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम हाती घेतली. देशातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. त्यानंतर एक धाडस करावं लागलं: लस बंद करण्याचं. लसीने आलेली प्रतिपिंडं आणि रोगाने आलेली प्रतिपिंडं तपासणीत सारखीच दिसतात, त्यामुळे टोचणी चालू ठेवून रोग संपल्याचं सिद्ध करता येत नव्हतं. २००६ मध्ये भारताला रोगमुक्तीचं शिक्कामोर्तब मिळालं, २०११ मध्ये साऱ्या जगाला. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग.

गुरांच्या दुसऱ्या एका साथीच्या रोगाशी, लाळ्या-खुरकुताशी, मात्र झुंज अजून चालूच आहे. बुळकांडीच्या विषाणूचा प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने एकच प्रकार होता आणि एक टोचणी जन्मभर पुरायची. लाळ्या-खुरकुताचे भारतात तीन प्रकार फिरतात आणि लसीचा असर जेमतेम सहा महिने टिकतो. म्हणून तिथे वर्षातून दोनदा लस टोचून घेण्यात कसूर करून चालत नाही.