ड्रॉइंगमधलं विमान आणि गॅरेजमधलं विमान

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं की आपण बहुतेकदा मोठा विषय धरतो. रेल्वे, धरण, अणुभट्टी. आज मुद्दाम एक छोटी गोष्ट घेऊ या: घरी बांधलेल्या विमानाच्या शेपटीवरची एक अरुंद पट्टी. संशोधनाची साधनं कशी वाचायची, हे या पट्टीवरून चांगलं समजतं.

आधी ती पट्टी काय करते ते बघू. विमानाच्या शेपटीला मागच्या बाजूला आडवा, वरखाली हलणारा भाग असतो. त्याला एलिव्हेटर म्हणतात. वैमानिक स्टिक मागे-पुढे करतो तेव्हा हा भाग हलतो आणि विमानाचं नाक वर किंवा खाली जातं. पण वेग बदलला, इंधन कमी झालं, मागच्या सीटवर कुणी बसलं की तोल बदलतो आणि स्टिक सतत दाबून किंवा ओढून धरावी लागते. तासभर असं धरून बघा, हात भरून येतो. म्हणून एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी बिजागरीची पट्टी बसवतात. हा ट्रिम टॅब. टॅब खाली वळला की हवा एलिव्हेटरला वर ढकलते आणि नाक वर येतं. म्हणजे नाक वर हवं असेल तर टॅब खाली. हा उलटेपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अशा छोट्या टॅबच्या सुरुवातीच्या इतिहासात जर्मन इंजिनिअर अँटन फ्लेटनर यांचं नाव येतं.

आता गॅरेजकडे वळू. अमेरिकेत 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. 1955 मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात त्यांची ‘बेबी एस’ विमान बांधण्याची लेखमाला आली आणि सामान्य माणसांनी हत्यारं हातात घेतली. पुढे 1973 मध्ये रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी ऑरेगॉनमध्ये कंपनी काढली. त्यांच्या आरव्ही मालिकेची दहा हजारांहून जास्त विमानं आज बांधून उडालेली आहेत.

अमेरिकी कायद्याची अट मोठी गमतीची आहे. विमानाचा बहुतांश भाग बांधणाऱ्यानेच तयार करायला हवा आणि तोही फक्त स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी. म्हणजे शिकणं हाच परवान्याचा पाया! ही अट पाळली हे दाखवायला बांधणारे तारखा आणि फोटोंसह नोंदवही ठेवतात. इतिहासकाराला अजून काय हवं?

थांबा, इथेच गडबड होते. समजा तुम्हाला आरव्हीमधल्या ट्रिमचा इतिहास लिहायचाय. ड्रॉइंग समोर आहे. पण कुणी हाताने फिरवायची केबल बसवतो, कुणी एलिव्हेटरच्या आत विजेवर चालणारी सर्व्हो मोटर बसवतो. रे ॲलन कंपनीच्या छोट्या सर्व्होला पाच वायर असतात: तीन टॅब कुठे आहे ते दाखवायला आणि दोन मोटरला. मोटरच्या दोन्ही वायर पांढऱ्या. त्यांची अदलाबदल झाली तर मोटर बंद पडत नाही, मस्त चालते, फक्त उलटी. ‘ट्रिम बसवला, चालतो’ अशी नोंद पूर्ण खरी असू शकते, आणि तरीही बटण वर दाबल्यावर नाक खाली जाऊ शकतं. म्हणून शेपटीमागे उभं राहून, दुसऱ्याला बटण दाबायला सांगून, टॅब डोळ्यांनी बघावा लागतो.

आणि ड्रॉइंग तरी नेहमी बरोबर असतं का? 26 ऑगस्ट 2003 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या यार्मथजवळ कोलगन एअरचं बीच 1900डी समुद्रात कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले. हे कारखान्यात बनलेलं, परवानाधारक मेकॅनिकांनी दुरुस्त केलेलं विमान होतं. एलिव्हेटर ट्रिमची केबल चुकीची बसल्यामुळे ट्रिम उलटा झाला होता आणि कामानंतरची चाचणी अपुरी ठरली, असं चौकशीत निघालं. वैमानिकांकडून चेकलिस्ट पाळली गेली नव्हती. शिवाय कंपनीच्या देखभाल-पुस्तिकेतलं ट्रिम ड्रमचं चित्रच चुकीचं होतं.

कधी ड्रॉइंग बरोबर असतं, पण विमान वेगळं असतं. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी लाँग-ईझी विमानाच्या अपघातात गेले. त्यात प्रश्न ट्रिमचा नव्हता, इंधनाची टाकी बदलणाऱ्या दांड्याचा होता. मूळ आराखड्यात तो दांडा वैमानिकाच्या पायांच्या मधे होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला, कारण इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत असं त्याला वाटलं. त्याच्या जागी विचार रास्त होता. पण डेन्व्हर यांनी ते विमान नुकतंच विकत घेतलं होतं. खांद्यामागे हात नेताना लक्ष विचलित झालं, असं चौकशीचं म्हणणं.

आपल्याकडे हे नवीन नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि शेतातला बांध जुळतातच असं कुठे आहे? तरी संशोधन करताना आपण सातबारा बघून शेताचा इतिहास लिहून मोकळे होतो.

तर तुमच्या विषयासाठी तीन ढीग करा. पहिल्यात ‘असं असायला हवं’ सांगणारे कागद: नियम, आराखडे, पुस्तिका. दुसऱ्यात ‘आम्ही असं केलं’ सांगणारे: नोंदवह्या, पत्रं, फोटो. तिसऱ्यात ‘प्रत्यक्षात हे सापडलं’ सांगणारे: चौकशी अहवाल, मोजणी, आणि ती वस्तू स्वतः. तिन्ही जुळले तर चांगलंच. नाही जुळले तर घाबरून एकाला खोटं ठरवू नका. हा बदल कुणी केला, कशासाठी केला, आणि पुढच्या माणसाला तो कळावा अशी सोय होती का, हे विचारा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच मिळेल.

मार्गदर्शकांना पहिला प्रस्ताव द्यायच्या आधी तिसऱ्या ढिगात निदान एक तरी गोष्ट आहे ना, एवढं बघून घ्या. नसेल तर आधी ती शोधायला बाहेर पडा.