नियंत्रित लाटण आणि सूक्ष्ममिश्रित पोलाद

नियंत्रित लाटण : कमी कार्बनाच्या पोलादात निओबियम, व्हॅनेडियम वा टिटॅनियम हे धातू अत्यल्प प्रमाणात (सामान्यतः एकूण सु. ०·१५ टक्क्याच्या आत) मिसळून आणि लाटणाचे तापमान व जाडीतील घट काटेकोरपणे राखून पोलादाचे स्फटिककण बारीक करण्याची पद्धती. अशा पोलादास सूक्ष्ममिश्रित पोलाद म्हणतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधकामाच्या पोलादाचे बल मुख्यतः कार्बन वाढवून मिळवीत. रिव्हेटांच्या जोडकामात ते चालत असे. वितळजोडकाम रूढ झाल्यावर मात्र अधिक कार्बनामुळे सांध्यालगतचा भाग कठीण व ठिसूळ होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधलेल्या अनेक वितळजोड जहाजांना तडे गेले. जानेवारी १९४३ मध्ये पोर्टलंड (ऑरेगन) येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला उभे असतानाच दुभंगले. थंडीत पोलाद ठिसूळ होणे, सांध्यांतील दोष व आराखड्यातील ताणकेंद्रे ही अशा अपघातांची कारणे ठरली. त्यामुळे बलाइतकेच चिवटपणालाही महत्त्व आले.

ई. ओ. हॉल (१९५१) व एन्. जे. पेच (१९५३) या संशोधकांच्या कार्यावरून असे दिसून आले की, पोलादाचे पराभव बल (ज्या ताणाला धातू कायमचा विरूपित होऊ लागतो ते बल) कणव्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. म्हणजे व्यास चौथाईवर आणल्यास कणांमुळे मिळणारा बलाचा वाटा दुप्पट होतो. बल वाढविण्याच्या इतर बहुतेक उपायांनी चिवटपणा घटतो. कण बारीक केल्याने मात्र दोन्ही वाढतात.

१९५८ मध्ये अमेरिकेतील ग्रेट लेक्स स्टील कॉर्पोरेशनने निओबियमयुक्त पोलाद बाजारात आणले. त्याचे बल चांगले होते. परंतु नेहमीच्या उच्च तापमानास लाटलेल्या जाड पत्र्यांचे कण भरड राहत व चिवटपणा कमी पडे. पत्रे पुन्हा सु. ९००° से.पर्यंत तापवून हवेत निवविल्यास कण बारीक होत, पण निओबियमामुळे आलेले बल बरेचसे नाहीसे होई. मिश्रण योग्य असूनही लाटण अयोग्य असल्याने ही अडचण उद्भवली होती. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटन, यूरोप व जपान येथील संशोधनातून लाटण कमी तापमानास संपविण्याची पद्धती विकसित झाली.

या पद्धतीत पोलादाची लादी सु. १,१५०–१,२५०° से.पर्यंत तापवितात. त्यामुळे निओबियम ऑस्टेनाइटात विरघळतो. टिटॅनियमाचे नायट्राइड मात्र न विरघळता कणांची वाढ रोखते. प्राथमिक लाटणात ऑस्टेनाइटाचे कण प्रत्येक घटीनंतर नव्याने स्फटिकित होऊन बारीक होतात. नंतर पत्रा थंड होईपर्यंत थांबून सु. ९५०° से.च्या खाली अंतिम लाटण करतात. या तापमानास विद्रुत निओबियम व त्याच्या कार्बोनायट्राइडाचे अतिसूक्ष्म अवक्षेप पुनःस्फटिकीभवन अडवितात. त्यामुळे कण चपटे होऊन तसेच राहतात व त्यांच्या सीमा आणि अंतर्भागातील विरूपण-पट्टे यांवर फेराइटाचे असंख्य कण जन्मतात. नेहमीच्या लाटणात फेराइटाचे कण सु. २०–३० मायक्रॉनांचे असतात, ते येथे ५–१० मायक्रॉनांचे होतात. पुढे निवताना व्हॅनेडियमाचे अवक्षेप फेराइटात तयार होऊन बलात भर घालतात.

१९७० नंतर शीत प्रदेशांतील तेल व वायू नळमार्गांमुळे या पोलादांची मागणी वाढली. १९७५ मध्ये वॉशिंग्टन येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९८० मध्ये जपानमधील फुकुयामा कारखान्यात लाटणानंतर पाण्याने शीघ्र शीतन करण्याची व्यवस्था सुरू झाली. तीमुळे पर्लाइटाऐवजी बेनाइट मिळवून कार्बन आणखी कमी ठेवणे शक्य झाले. साध्या सौम्य पोलादाचे पराभव बल सु. २५० न्यूटन/चौ. मिमी. असते, तर चीनमधील दुसऱ्या पश्चिम–पूर्व वायुनळमार्गासाठी (बांधकामास प्रारंभ २००८) किमान ५५५ न्यूटन/चौ. मिमी. बलाचे पोलाद वापरले गेले.

पद्धतीला मर्यादाही आहेत. कमी तापमानास लाटण्यासाठी यंत्रावर मोठा भार येतो आणि पत्रा निवण्याची वाट पाहण्यात उत्पादन मंदावते. वितळजोडाच्या उष्णतेने सांध्यालगतचे कण पुन्हा भरड होतात. म्हणून जोडकामातील उष्णतेवरही तितकेच काटेकोर नियंत्रण ठेवावे लागते.